थांब म्हणायचं कुणी?

लढतीच्या खेळात मनाची ताकद म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो न थांबणारा माणूस. भुवई फुटलीय, श्वास लागलाय, तरी पुढे पुढे येतोय. मी आज सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करणार आहे. मॅटवर पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलाला अगदी सुरुवातीलाच काय शिकवतात, माहीत आहे? टॅप करायला. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोनतीनदा हात आपटायचा, म्हणजे 'सोड, मी हरलो.'

ऐकायला सोपं वाटतं. पण चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड, नीट बसला, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्यात ठरवायचं असतं की यातून सुटता येईल, की संपलं. काही मुलं हात मानेला लागला रे लागला की टॅप करतात. काही डोळे पांढरे होईपर्यंत करत नाहीत आणि आपण त्यांना शूर म्हणतो. मला मात्र या दुसऱ्या मुलांचीच जास्त काळजी वाटते. त्यांनाही भीती असतेच, फक्त ती गळ्यापेक्षा लाजेची जास्त असते.

भीतीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. लढतीआधीची ड्रेसिंग रूम बघा. हाताला पट्ट्या बांधून झाल्यात, वॉर्मअप चाललाय, आणि आपला खेळाडू जांभया देतोय. तोंड कोरडं, पाय जड, दर पाच मिनिटांनी लघवीला पळतोय. त्यातच आठवडाभर त्यानं वजन उतरवण्यासाठी अंगातलं पाणी काढलेलं असतं. पाणी परत भरून निघालं तरी चिडचिड आणि तुटलेली झोप पुरती मागे लागलेली असते. नवख्याला वाटतं, आपण घाबरलोय, म्हणजे आपली तयारी झालेली नाही. हे दुसरं वाक्य खोटं असतं, आणि तेच त्याला आतून पोखरतं. 'पोटात गोळा आलाय' असं तो मोठ्यानं म्हणाला, की निम्मं ओझं तिथेच उतरतं.

जॉर्ज सेंट-पिएरचं उदाहरण मी नेहमी देतो. हा मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणाऱ्या खेळाचा लढवय्या. ७ एप्रिल २००७ रोजी वेल्टरवेट या वजनगटाचा हा विजेता मॅट सेराकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला. सेरा जिंकेल असं फारच थोड्यांना वाटत होतं. नंतर सेंट-पिएर क्रीडा मानसशास्त्राच्या तज्ज्ञाकडे गेला. त्याच्या सांगण्यावरून एका विटेवर सेराचं नाव लिहून तो ती घेऊन हिंडला आणि शेवटी नदीत फेकून दिली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्यानं सेराला हरवून किताब परत मिळवला. पण मला विटेपेक्षा मोलाचं वाटतं ते हे, की आपल्याला प्रत्येक लढतीआधी भीती वाटते, असं तो उघडपणे सांगत राहिला. इतक्या वरच्या माणसानं हे सांगितल्यावर कोवळ्या पोरांना केवढा धीर येतो, ते मी पाहिलंय. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यानं किताब सोडला, तोही मनावरचा ताण असह्य झाल्याचं सांगून.

सांघिक खेळात पराभव अकरा जणांत वाटला जातो. इथे तो एकट्याच्या अंगावर येतो, तोही जवळजवळ उघड्या अंगावर, सगळ्यांदेखत. १९६२ साली बॉक्सिंगमध्ये सनी लिस्टननं फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं, तेव्हा हा जगज्जेता खोटी दाढी लावून शहराबाहेर पडला. ती दाढी त्यानं आधीच जवळ बाळगलेली होती, हे मला फार लागतं. मिश्र मार्शल आर्ट्समधली विजेती रोंडा राउझी २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये हॉली होमकडून डोक्यावर किक बसून हरली. पुढे तिनं स्वतःच सांगितलं, की त्या हरण्यानंतर आत्महत्येचा विचार मनात आला होता. 'मी म्हणजे माझं जिंकणं' असं समीकरण झालं, की एक किक माणसाचं सगळंच घेऊन जाते.

म्हणून लागतो कॉर्नर, म्हणजे खेळाडूच्या कोपऱ्यात उभी असलेली त्याची माणसं. दोन राउंडांच्या मधला तो एक मिनिट. स्टूल, बर्फ, पाण्याचे दोन घोट, आणि समोर वाकलेला प्रशिक्षक. जून २०२० मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सच्या एका लढतीत मॅक्स रोस्कॉफ नावाचा तरुण दुसऱ्या राउंडनंतर स्टुलावर बसून आपल्या कॉर्नरला पुन्हा पुन्हा सांगत होता की लढत थांबवा. कॉर्नर त्याला 'तू जिंकू शकतोस' म्हणत परत उभं करू पाहत होता. शेवटी अधिकाऱ्यांनी लढत थांबवली. मी त्या प्रशिक्षकाला दुष्ट म्हणणार नाही. आपल्या मुलावर त्याचा विश्वास होता. पण ज्याला 'नाही' म्हणता येतंय, त्याचं 'नाही' ऐकलं गेलंच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

आणि ज्याला म्हणता येत नाही, त्याचं काय? १ ऑक्टोबर १९७५, बॉक्सिंगची लढत, मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर. चौदा राउंड झालेत. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, त्यात उजवाही सुजून मिटत आलेला. अलीचे उजव्या हाताचे ठोसे त्याला दिसतच नव्हते. उरला होता एक राउंड, तीन मिनिटं. फ्रेझरला उठायचं होतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. त्यांनी त्याला खाली बसवलं, पोरा, संपलं म्हणाले, आणि रेफरीला खूण केली.