माणूस थांबला, बिऱ्हाड हललं

मित्रहो, सोलापूरकरांना 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी फिरत्या लोकांना तारेच्या कुंपणात बसवलं, त्यांच्यामागे हजेरी लावली. 31 ऑगस्ट 1952 ला विमुक्ती झाली, वस्तीचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून भटक्या संस्कृतीवर उभ्या असलेल्या कलानिवासाचा विषय निघाला, की या गावात पहिला प्रश्न हाच यायला हवा: फिरायचं कुणाच्या परवानगीने? कोविडच्या महामारीत तो सगळ्या जगाला पडला.

कलानिवास म्हणजे ज्याला रेसिडेन्सी म्हणतात ते. देशोदेशीचे कलावंत काही आठवडे एका ठिकाणी राहतात, तिथल्या लोकांबरोबर काम करतात. मंगोलियात असा निवास म्हणजे नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल तंबूत (गेरमध्ये) राहणं, जनावरांमागे जाणं, तळ हलला की आपणही हलणं. सहा आठवड्यांचा निवास धरा: 42 दिवस. 2020 मध्ये तिथे बाहेरून येणाऱ्याला 21 दिवस विलगीकरण केंद्रात आणि पुढे 14 दिवस घरात काढावे लागत. 35 दिवस तिथेच गेले, हातात उरला एक आठवडा. तोही विमान मिळालं तर! शिवाय दवाखाना कित्येक तास लांब असलेल्या कुटुंबाच्या दारात परदेशी पाहुणा नेऊन उभा करणं, हे नियमात बसलं असतं तरी शहाणपणाचं नव्हतं.

मग बहुतेकांनी झूमची वाट धरली. ती सोपी होती, पण तोकडी होती. चौकटीत दिसणारा कलावंत आपल्या घरातच बसलेला असतो. त्याला उचलावं लागत नाही, बांधावं लागत नाही, कुणाला विचारावंही लागत नाही. भटकंतीतलं नेमकं जे कष्टाचं, तेवढंच गळून जातं.

हे कष्ट पाहायला मंगोलियाला जायची गरज नाही. सांगोला, मंगळवेढ्याकडचा धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट फिरता तळ, बघा. बिऱ्हाड घोड्यावर मावेल इतकंच. रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. शेतकऱ्याशी बोलणं होतं, मेंढ्या रानात बसतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात, आणि चारा संपला की तळ उठतो. यात तीन गोष्टी पक्क्या असतात: ओझ्याची मर्यादा, मुक्कामाची मुदत आणि यजमानाशी करार. कलावंत घरीच राहिला तरी या तिन्ही गोष्टी चालू ठेवता येतात. त्यासाठी माणसाऐवजी पेटी फिरवायची.

पेटीचं वजन 2 किलोच्या आत ठेवा. आंतरराष्ट्रीय टपालात लहान पाकिटाची मर्यादा तीच आहे. आत ध्वनिमुद्रक, 32 जीबीची दोन कार्डं, शिसपेन्सिल, वही आणि नमद्याचा तुकडा. पाच कलावंत असतील तर प्रत्येकाकडे 10 दिवस मुक्काम आणि 4 दिवस प्रवास-विसावा, म्हणजे एकूण 70 दिवस. पेटी आल्यावर 72 तास न उघडता ठेवायची, असा तेव्हा रिवाज होता. पृष्ठभागावरून संसर्गाचा धोका फार नाही हे पुढे कळलं. त्या 72 तासांचा उपयोग विषाणूपेक्षा माणसांच्या मनालाच जास्त झाला असावा. परदेशी टपाल तर मधूनच बंद पडायचं. म्हणून देशागणिक एक पेटी फिरवावी आणि सीमा फक्त फाइलींनी ओलांडावी. कच्ची लोकर पाठवू नका, पशुरोगांच्या नियमांत अडकते.

लोकरीचं काम मापावर जोडता येतं. नमदा होताना लोकर साधारण तिसऱ्या हिश्श्याने आक्रसते. 30 सेंटिमीटरचा चौकोन हवा असेल तर पिंजलेली लोकर 45 सेंटिमीटरवर पसरा, आडवे-उभे थर द्या, गरम साबणपाणी शिंपडा, गुंडाळून लाटा. मंगोलियात हीच गुंडाळी घोड्यामागे ओढतात. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ. हिला वेळ जास्त द्यावा लागतो. घाईने लाटली तर थर सुटतात, आणि मग कलावंत साबणाला दोष देतो. आपल्याकडे हीच लोकर सूत होऊन मागावर जाते, चिंचोक्याची खळ खाते आणि घोंगडी होते. तिकडच्या कलावंताने खळीचा व्हिडिओ पाहिला म्हणजे त्याला घोंगडी कळली, असं कुणी समजू नये. त्याने स्वतःच्या गावात चिकट खळ कशाची करतात ते शोधावं आणि कळवावं. खरी देवाणघेवाण तिथे सुरू होते.

आवाज मुद्रित करताना सगळ्यात मोठा शत्रू वारा. माइकवर पिंजलेल्या लोकरीची सैल टोपी घाला. मुद्रणाचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ ठेवला म्हणजे फाइल मिनिटाला सुमारे 17 एमबी. तेव्हा व्हॉट्सॲपवर 100 एमबीपर्यंतचीच फाइल जायची, म्हणून पाच-पाच मिनिटांचे तुकडे करावे लागत. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायचं. व्हॉइस नोटमध्ये जनावरांच्या गळ्यातल्या घंटांचा बारीक आवाज चेपला जातो. बोलायची वेळ सोलापूरचे साडेअकरा: उलानबातरला तेव्हा दुपारचे दोन, उन्हाळ्यातल्या बर्लिनला सकाळचे आठ. संध्याकाळ मागू नका. ती दूध काढायची वेळ असते, दोन्हीकडे.

आता करार, कारण सगळ्यात जास्त निवास इथेच फसतात. विमानाचा पैसा वाचला म्हणून तो कार्यालयाच्या खर्चात मुरवू नये. मेंढपाळ कुटुंब शिकवतं, तेव्हा त्याला कलावंताइतकंच दैनिक मानधन द्यावं, आणि फोनचा रिचार्ज वेगळा. संमती मराठीत, तोंडी, मुद्रित करून घ्या आणि तीन वेळा वेगवेगळी विचारा: मुद्रण करू का, लोकांना ऐकवू का, विकू का? पहिल्याला हो म्हणजे तिसऱ्याला हो नव्हे. फोटोतली ठिकाणाची नोंद बंद ठेवा, आणि तळ उठल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नका. टाळेबंदीत गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. कुठला वाडा कुठे उतरलाय हे उघड होणं तेव्हा नुसत्या चोरीपुरतं धोक्याचं नव्हतं.

आणि दोन कार्डांपैकी एक परत मागायचं नाही. ते वाड्यावरच राहतं.