गेट चालू आहे, जा

(पडद्यावर: जेवणाचं टेबल, बाजूला उलटा ठेवलेला मोबाइल)

जानेवारी २०२४. रात्री जेवत होतो आम्ही सगळे, आणि फोन वाजला, मग लगेच परत वाजला. बघितलं तर क्रेडिट कार्डाचे दोन मेसेज. ४९ युरो, आणि खाली परत ४९ युरो. ना ओटीपी, ना काही. आपल्याकडे गॅसचं बिल भरायचं तरी ओटीपी येतो आणि इथे इटलीतून कोणीतरी परस्पर पैसे काढून मोकळं झालं. बँकेचा परदेशी व्यवहारावरचा मार्कअप, जीएसटी धरून सव्वानऊ हजाराच्या आसपास गेले.

इटलीहून येऊन तीन महिने झाले होते. ट्रिपचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले, आईने आणलेली चीजची पाकिटं वाटून संपली, आणि तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीचा विषय तर आम्ही मिटला असं समजून बसलो होतो. पण गाडी परत केली म्हणजे व्यवहार संपला हा आपला समज. काउंटरवर ज्या कागदावर सही केलेली असते ना, त्यात एक कलम असतं, की नंतर काही दंड, टोल, डॅमेज निघालं तर याच कार्डावरून घेऊ. म्हणजे किल्ली तुम्ही देऊन आलात तरी कार्ड तिकडेच आहे असं समजा.

मेहुणा म्हणाला, फ्रॉड म्हणून टाक, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. नियम आहे, २०१७ चा, बरोबर आहे त्याचं. पण तो तुमच्या नकळत तिसऱ्याच कोणीतरी कार्ड वापरलं तर. इथे सही माझी, नाव माझं, गाडी मी चालवलेली. कस्टमर केअरच्या मुलीने पण तेच ऐकवलं, "सर, ॲग्रीमेंट आपने साइन किया है ना?" केलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ईमेल उघडले तर स्पॅममध्ये कंपनीची दोन पत्रं पडलेली. मी आधी वरवर वाचलं आणि बायकोला म्हटलं, अगं दंड लागलाय आपल्याला, जाऊ दे, ९८ युरोत सुटलो. तिने शांतपणे पूर्ण वाचलं आणि म्हणाली, हा दंड नाहीये. पोलिसांनी कंपनीला विचारलं ही गाडी त्या दिवशी कोणाकडे होती, कंपनीने तुझं नाव-पत्ता दिला, त्याची ही फी आहे. दंड अजून यायचाय.

(पडद्यावर: फ्लोरेन्सची अरुंद गल्ली, दगडी फरशी, वर एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड)

आता ऑक्टोबर २०२३ मध्ये जाऊ. शुक्रवार, सकाळी साडेअकराच्या आसपास. विमानतळावरून गाडी घेतली, मागे आई-बायको आणि डिक्कीत न मावलेली एक बॅग, पुढे माझ्या बाजूला बाबा. हॉटेल सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ, जुन्या शहरात. मॅप म्हणतंय उजवीकडे, मी उजवीकडे. एका गल्लीच्या तोंडाशी बोर्ड दिसला, त्यावर लाल अक्षरं पेटलेली, वार्को आत्तीव्हो. मी जरा थबकलो, मागून हॉर्न सुरू. बाबांनी चष्मा वर करून वाचलं आणि एका सेकंदात भाषांतर केलं. "ॲक्टिव्ह लिहिलंय रे. गेट चालू आहे, जा."

आणि मी गेलो.

मराठी माणसाच्या दृष्टीने यात चूक काय सांगा. रस्ता चालू आहे म्हणजे उघडा आहे, दुकान चालू आहे म्हणजे उघडं आहे. पण तिथे चालू होता तो कॅमेरा, म्हणजे बंदी चालू. वार्को म्हणजे गेट, आणि गेट आत्तीव्हो म्हणजे आत यायला मनाई सुरू आहे. नॉन आत्तीव्हो लिहिलेलं असेल तेव्हा जायचं. नुसती मराठी माणसंच नाही, जगभरातले टुरिस्ट याच शब्दावर घसरतात, कारण इंग्रजीतून विचार केला तरी तोच घोळ होतो.

याला तिकडे झेडटीएल म्हणतात, झोना आ त्राफिको लिमितातो. जुन्या शहराच्या गल्ल्या गाड्यांसाठी बांधलेल्याच नाहीत, तर तिथे फक्त रहिवासी, टॅक्सी, परवाना असलेल्या गाड्या. रोम, पिसा, सिएना, कुठेही जा, मध्यवर्ती भागात हे असतंच. फ्लोरेन्समध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते रात्री आठ, शनिवारी दुपारी चारपर्यंत, आणि उन्हाळ्यात काही रात्री पण. ना बॅरिकेड असतं ना शिट्टी मारणारा हवालदार. कॅमेरा नंबर प्लेट टिपतो, यादीशी ताडून बघतो, बस. तुम्हाला त्या क्षणी काहीच कळत नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. हवालदाराने अडवलं असतं तर एकदा लाज गेली असती पण पुढचं वाचलं असतं. आम्ही तर गल्ली चुकलो म्हणून बाहेर पडलो आणि अकरा मिनिटांनी दुसऱ्या गेटने परत आत आलो. म्हणून फी दोनदा. झेडटीएलमध्ये तेव्हा प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा धरायचे.

बोर्डाखाली एक गोल पाटी पण होती, पांढरं वर्तुळ, लाल कड, आत काही नाही. सर्व वाहनांना प्रवेश बंद. ही पाटी आपल्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतही येते, मी तेव्हा बरोबर उत्तर दिलेलं. ठाण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेलं होतं, फाइलमध्ये नीट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. फाइल सोबत होती, डोकं नव्हतं.

आणि जिवाला लागलं ते हे, की यातून सुटायची सोय होती. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर ते तुमचा गाडी नंबर कळवू शकतात, सामान उतरवायला जायची परवानगी मिळते. पण आधी विचारावं लागतं. आम्ही रिसेप्शनवर पार्किंगचं विचारलं, ब्रेकफास्टचं विचारलं, बाबांनी गरम पाण्याचं विचारलं. नंबर कोणी दिलाच नाही.

(पडद्यावर: गाडीचं चाक, अलॉयच्या कडेला पांढरा ओरखडा)

खरं तर जानेवारीत कार्डावरून पैसे कापले गेले ती दुसरी फेरी होती. पहिली नोव्हेंबरातच झालेली. गाडी परत करून पंधरा दिवस होतात न होतात तोच ३८० युरो कापले गेले. कारण काय, तर पुढच्या डाव्या अलॉयवर ओरखडा. आम्ही पहाटेच्या फ्लाइटसाठी गाडी परत केलेली, ऑफिस बंद, किल्ली पेटीत टाकून निघालो. समोर कोणी बघायला नाही, सही नाही, पावती नाही. असं करू नका असं म्हणणं सोपं आहे, पण पहाटेची फ्लाइट असली की दुसरं करणार काय.

इन्शुरन्स होता की! होता, पण चाकं, टायर, काचा, गाडीचा खालचा भाग, किल्ली हे बेसिक कव्हरमध्ये बहुतेक वेळा नसतंच. काउंटरवरचा माणूस त्यासाठीच वेगळं पॅकेज गळ्यात मारत असतो, आणि आपण म्हणतो हा लुटतोय. लुटत असेलही, पण तो नक्की काय विकतोय ते तरी ऐकून घ्यावं.

आम्हाला वाचवलं बायकोच्या सवयीने. ती भाड्याची कुठलीही वस्तू घेताना व्हिडिओ काढते, लग्नात मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचा पण काढला होता. गाडी घेतल्या घेतल्या तिने चारी बाजूंनी व्हिडिओ काढलेला, चाकांजवळ वाकून, आणि त्यात तोच ओरखडा स्वच्छ दिसत होता, मागे काउंटरची भिंत आणि घड्याळ. गाडी देताना लिहिलेल्या शीटवर मात्र तो मांडलेला नव्हता, आणि आम्ही तपासलं नव्हतं. मग बँकेकडे न धावता आधी कंपनीला लिहिलं. रागारागात नाही, मुद्द्याचं. तुमची गाडी देतानाची शीट पाठवा, डॅमेजचे तारीख-वेळेसह फोटो पाठवा, दुरुस्तीचं एस्टिमेट पाठवा, आणि हा आमचा व्हिडिओ. पहिलं उत्तर साचेबंद आलं, तुमची विनंती नाकारण्यात येत आहे वगैरे. परत तेच लिहिलं, आणि यावेळी सांगितलं की अमुक तारखेपर्यंत कागद आले नाहीत तर कार्डाच्या बँकेत डिस्प्युट टाकतोय. तेवीस दिवसांनी पैसे परत आले.

परत आले म्हणजे युरो परत आले. कापताना एक रेट, देताना दुसरा रेट, आणि मार्कअपचे चौदाशे-पंधराशे गेले ते गेलेच. बँक म्हणाली ते आमच्या हातात नाही. कोणाच्याच हातात नव्हतं बहुधा.

त्यामुळे जानेवारीत ४९-४९ चे मेसेज आले तेव्हा मी जरा चढलेलोच होतो, म्हटलं हे पण परत मिळवू. दोन तास बसून कडक ईमेल लिहिला. बायकोने विचारलं, तू गेलेलास ना गेटमधून? गेलेलो. मग कशासाठी भांडतोयस? फी जास्त आहे हे खरं, दोन ओळींचा डेटा पाठवायचे ४९ युरो कोण घेतं, पण रेट ॲग्रीमेंटच्या मागच्या पानावर छापलेला होता. ओरखडा आमचा नव्हता म्हणून भांडलो, गेट आमचं होतं. ईमेल ड्राफ्टमध्येच राहिला, अजून आहे.

(पडद्यावर: सोसायटीचं गेट, वॉचमनची केबिन, रजिस्टर)

खरा दंड ऑगस्टमध्ये आला. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवस आहेत, तिथल्या माणसाला ९०, त्यामुळे आला नाही म्हणजे सुटलो असं वर्षभर तरी समजू नका. दोन जाड पाकिटं, वॉचमनकाकांनी सही करून घेतलेली आणि केबिनच्या खणात ठेवलेली. दोन दिवसांनी आठवण झाली त्यांना, "साहेब, तुमचं फॉरेनचं काहीतरी आलंय."

आणि इथे दिवस मोजावे लागतात. दंड ८३ युरो, पण नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे ५८.१०, नोटिशीचा खर्च वेगळा. साठ दिवसांपर्यंत पूर्ण ८३. त्यानंतर १६६. दोन दिवस खणात गेलेले, मध्ये शनिवार-रविवार, म्हणून त्याच रात्री बसलो. पत्रावर एक नंबर आणि पासवर्ड होता, तो टाकून साइट उघडली. कार्ड पेमेंटला आधी नकार आला, कारण जानेवारीच्या प्रकारानंतर मी ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार बंद करून ठेवलेले, जसं काही त्याने दंड थांबणार होता. चालू केले, भरले. दोन पावत्या प्रिंट काढून फाइलमध्ये, त्या परमिटच्याच मागे.

साइटवर फोटो पण बघता येत होते. बाबा म्हणाले दाखव की. काळा-पांढरा फोटो, गाडीची मागची बाजू, नंबर प्लेट, वर तारीख आणि वेळ. मागच्या काचेतून आत काही दिसत नाही, नुसता अंधार. बाबांनी तो झूम करायला लावला, परत झूम करायला लावला, बराच वेळ बघत राहिले.

"बोर्ड दिसत नाहीये यात," ते म्हणाले. "बोर्ड दाखवा म्हणावं त्यांना. चालूच लिहिलं होतं."