वाफशाची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात या दिवसांत एकच प्रश्न सारखा कानावर येतो. सकाळी चहा ओतता ओतता सासूबाई विचारतात, दुपारी फोनवर नणंद विचारते, रात्री शेजारचे अण्णा ओट्यावरूनच हाक मारतात, "काय गं, वाफसा आला का?"

शहरातल्या श्रोत्यांना हे जरा सांगायला हवं. पाऊस पडून गेला म्हणून काळं रान लगेच पाय ठेवू देत नाही. चार पावलं टाकली की चप्पल जड होते, पाचव्याला ती चिखलातच राहते आणि आपण अनवाणी पुढे. रान ओलं राहू नये, वाळूनही जाऊ नये; हाताला गारवा लागावा पण माती चिकटू नये. रान अशा बेताला आलं म्हणजे वाफसा आला. मंगळवेढ्याकडच्या आमच्या भारी रानात चांगला पाऊस झाला, तर त्याला आठ-आठ दिवस लागतात. आणि त्या आठ दिवसांत त्या रानात कुणालाच काही करता येत नाही, मालकाला नाही, गड्याला नाही आणि ट्रॅक्टरलाही नाही. आज मला त्या आठ दिवसांबद्दल बोलायचंय.

आमच्याकडचं गणितच जरा उलटं आहे. मृगात बाकीचे लोक पेरायला धावतात, तेव्हा आम्ही काळं रान पड ठेवतो. सोलापूरकडे पावसाचा जोर सप्टेंबरात. त्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा, पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि पुढे थंडीच्या दवावर त्यानं वाढायचं. मालदांडीची ती पांढरीशुभ्र भाकरी या ओलीतून येते. हवामान खातं सांगतं की १७ सप्टेंबरच्या सुमाराला पाऊस पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायला लागतो. आमचे मामंजी ऐकून घेतात आणि पंचांग उघडतात. उत्तरा गेल्या, सत्तावीसच्या आसपास हस्त लागतो, मग चित्रा. नक्षत्राचं वाहन म्हैस किंवा बेडूक असलं की त्यांचा चेहरा खुलतो. गाढव निघालं तर पंचांग न बोलता फळीवर जातं. आमचा धाकटा मोबाइलवर ढगांचा नकाशा दाखवतो, तोही ते बघतात, चष्मा वर करून. कुणाचं खरं ठरतं ते मी मोजलेलं नाही, आणि घरात शांतता राहावी म्हणून मोजणारही नाही.

तर रान बंद आहे आणि माणसं घरात आहेत. एरवी आमच्या घरात सहा माणसं सहा वेळांना जेवतात. या दिवसांत सगळी एका पंगतीला बसतात, आणि खायला काय नसतं! माळाच्या हलक्या तुकड्यात बाजरी पोसलेली असते. तिची कोवळी कणसं आरावर भाजायची, चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. त्याला आम्ही निंबूर म्हणतो. हुरड्याचं कौतुक सगळीकडे होतं, त्याच्या पार्ट्या होतात, तिकिटं लागतात. निंबुराचं कुणी नाव घेत नाही. बरंच आहे, आमच्या वाटणीला तेवढं जास्त राहतं. मात्र चोळायचा हात जुना लागतो. माझ्या हातून अजून कोंडा राहतो आणि घसा खवखवतो. सासूबाईंच्या तळव्यावर हिरवट दाणे असे निघतात, जणू पाखडून ठेवलेत.

भुईमुगाचे चार वेल उपटून आणायचे, शेंगा धुऊन मिठाच्या पाण्यात उकडायच्या. अंगणात मधोमध पातेलं, भोवती सगळे, आणि बोलणं आपोआप लांबतं. दिराचं आणि माझं बांधावरच्या बाभळीवरून दोन महिने धड बोलणं नव्हतं. ते ओल्या शेंगांच्या पातेल्यापाशी सुटलं. बाभळीचा निकाल लागला नाही, ती तिथेच उभी आहे. पण भावजी टरफलं माझ्या ढिगात टाकायला लागले, तेव्हाच कळलं की राग गेला.

पितृपक्षातले म्हाळ उरकले की घट बसायच्या आधी घरातल्या वाकळा, म्हणजे गोधड्या, धुवायच्या असतात. ओढ्याला नितळ पाणी आलेलं असतं. वर्षातून एवढे दोनच-चार दिवस हो, पुढे पावसाळ्यापर्यंत तिथे नुसते दगड. सकाळी पाट्या डोक्यावर घेऊन आख्खी आळी ओढ्यावर. ओली वाकळ म्हणजे काय चीज असते ते ज्यांनी पिळलीय त्यांनाच ठाऊक. एकटीचं काम नाही. एकीनं इकडून धरायची, दुसरीनं तिकडून, आणि दोघींनी उलट-सुलट पीळ द्यायचा. पीळ सुटला की दोघी पाण्यात! सासवा काठावर बसून सूचना देतात. कुणाच्या वाकळेत कुणाच्या लग्नातलं लुगडं शिवलंय ते तिथेच निघतं. आमच्या एका वाकळेत माझ्या आजेसासूबाईंच्या इरकलीचा काठ आहे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण दरवर्षी त्या काठाला साबण मीच लावते. घरी वॉशिंग मशीन आहे. त्यात वाकळ मावत नाही, हे मशीनचे उपकारच म्हणायचे.

वाकळा दगडांवर वाळत घातल्या आणि ढग आला, तर जी पळापळ होते ती सांगत नाही. उडदाचंही तेच. पत्र्यावर उडीद वाळत घातलेला असतो, उन्हात शेंगा तटतट फुटत असतात. दोन वाजेपर्यंत डोकं भाजणारं ऊन आणि चार वाजता ईशान्येला काळं. "आलाऽऽ" अशी कुणाची तरी आरोळी येते, आणि ताटावरून उठून सगळे शिडीकडे. त्या धावण्यात मामंजीही असतात, पंचाहत्तराव्या वर्षी. ओरडून झालं की सगळ्यांना हसू येतं.

हादग्याच्या गाण्यांबद्दल बोलत नाही. त्यावर इतरांनी पुष्कळ सांगितलंय आणि माझा आवाजही तसा नाही.

हा पाऊस नेहमीच असा मायेचा असतो असं मात्र मुळीच नाही. १४ ऑक्टोबर २०२० चा दिवस आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. बंगालच्या उपसागरातलं वादळी वारं थेट आमच्या डोक्यावरून गेलं, भीमा पात्र सोडून वर आली. त्या वर्षी वाट बघण्यात काही मजा नव्हती. कणसातच बाजरीला मोड आले होते. रान दिवाळीपर्यंत वाफशाला आलं नाही आणि शाळू निम्माच पेरला. तेव्हाही सगळे घरातच होते, एका पंगतीला. पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

यंदा तसं नाही. घट बसलेत. पत्रावळीवरची माती मामंजींनी काळ्या रानातूनच आणली, त्यात शाळू, गहू, करडई, हरभरा टाकलाय. सासूबाई रोज सकाळी पाणी शिंपडतात आणि कोणतं बी किती उगवलं ते बारकाईनं बघतात. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, पूजा करताय की बियाणं तपासताय?" तर म्हणाल्या, "देवीला दोन्ही चालतं."

हे भाषण मी काल रात्री लिहून संपवलं होतं, शेवट वेगळा होता. पण आज सकाळी मामंजी बांधावरून आले ते मूठ मिटूनच. ओट्यासमोर उभे राहिले, मुठीतल्या मातीचा दाबून गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटून मोकळा झाला.

कुणी काही विचारलं नाही. भावजी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावायला गेले. एकरी चार किलो बियाणं मोजून काढलंय, किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं अजून राहिलंय, ते मी घरी गेल्यावर करीन. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या आहेत, दहा माणसांच्या. तेव्हा श्रोतेहो, आता रजा द्या. नमस्कार.