ओव्या फोनात असतात कुठं?

(दृश्य: बेळगाव, खडेबाजार. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान.)

खानापूर तालुक्यातली आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, आणि बेळगावात शिकणाऱ्या नातीला त्या व्हॉइस नोटमधून येतात. नातीला आता त्या पेनड्राइव्हवर हव्यात.

“दादा, ह्या फायली असतात कुठं?”

“हायत की! हे बघा.”

(दृश्य: स्क्रीन जवळून.)

इंटर्नल स्टोरेज, अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, पुन्हा मीडिया, आणि मग व्हॉइस नोट्स. फोल्डर आठवड्यांचे. २०२४३१ म्हणजे २०२४ सालचा एकतिसावा आठवडा. फाईलच्या नावात तारीख आणि क्रमांक, शेवटी ओपस, म्हणजे आवाजाच्या फाईलचा प्रकार. आजीचं नाव कुठंच नाही. ओवी कुठली आणि मामाचा निरोप कुठला, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. त्यापेक्षा आजीचं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट केलेलं बरं.

खरी अडचण आजीच्या फोनवरच्या रेकॉर्डर ॲपची. त्यातल्या ओव्या ॲपमध्ये वाजतात, फाइल मॅनेजरला मात्र दिसत नाहीत. पत्ता गुप्त नाही: डेटा, पुन्हा डेटा, ॲपचं पॅकेज नाव (कॉम डॉट व्हॉट्सॲपसारखं), फाइल्स. पण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही संगणकाची मूळ प्रणाली आहे, आणि तिथं प्रत्येक ॲप हा स्वतंत्र वापरकर्ता. दहा हजाराच्या पुढचा एक क्रमांक त्याला मिळतो आणि त्याचं फोल्डर त्याच क्रमांकाच्या मालकीचं. फाइल मॅनेजरचा क्रमांक वेगळा, म्हणून तो बाहेरच. यालाच सँडबॉक्स म्हणतात. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून तर इंटर्नल स्टोरेजमधलं अँड्रॉइड-डेटा हे फोल्डरही इतर ॲपना बंद झालं.

आयफोनवर आणखी गंमत. तिथं ॲपच्या फोल्डरचं नाव म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, आणि ॲप काढून पुन्हा टाकलं की ती बदलते. म्हणून जाणता प्रोग्रामर पूर्ण पत्ता कधी साठवून ठेवत नाही, दरवेळी सिस्टीमलाच विचारतो.

आजीच्या फोनात जागा कमी, म्हणून नात ॲप काढायला निघालेली. दुकानदार हात आडवा घालतो.

“थांबा की! ॲप काढलं की त्याचं फोल्डरपण गेलं. आधी शेअर करा.”

बाहेर काढायचं तर ॲपलाच सांगायला हवं. रेकॉर्डिंगवर बोट दाबून धरायचं, शेअर, मग डाउनलोड्समध्ये सेव्ह. तिथली प्रत फाइल मॅनेजरला दिसते. ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायचा अडॅप्टर) लावून ती पेनड्राइव्हवर घ्यायची, वाजवून बघायची, आणि मगच ॲप काढायचं.