अंगणातला तरवड

नमस्कार, श्रोतेहो. सोलापूर, नगर, बीडकडच्या माळांवर, बांधांवर पिवळ्याधमक फुलांची कमरेएवढी झुडपं तुम्ही पाहिली असतील. तो तरवड. ऐन मे महिन्यात माळ करपून जातो, पण हा हिरवाच असतो. जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पूर्वी कातडी कमावायला त्याची साल वापरत. शेजारच्या तेलंगणानं तर त्याला राज्यफुलाचा मान दिलाय. तिथल्या बतुकम्मा सणात फुलांचा मनोरा रचताना ही फुलं लागतातच. आपण मात्र त्याला बांधावरून अंगणात आणत नाही, आणि टँकरच्या पाण्यावर लॉन जगवत बसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

लावायला तो सोपा आहे. चपट्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढून ठेवा. बी फार टणक असतं, म्हणून पेरण्याआधी कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पेरा. याचं मूळ खोल जातं, तेव्हा रोप पिशवीत फार दिवस अडकवू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कायमच्या जागी लावून टाका. जागा भर उन्हाची हवी. काळी माती असेल तर मुरूम मिसळून थोडा उंचवटा करा, कारण पाणी तुंबलं की मुळं कुजतात. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, पुढं त्याचं तो बघतो. खताची गरज नाही.

फुलं आली की सकाळी जरा जवळ जाऊन उभे राहा. या फुलात मध नसतो, नुसता पराग, आणि तोही पुंकेसरांच्या आत कोंडलेला, टोकाच्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडणारा. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि अंग थरथरवतो. त्या वेळी त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो, अगदी कानाला कळेल इतका. त्या थरथरीनं पराग भुरभुरत त्याच्या पोटावर पडतो.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध फवारू नका, ही माझी हात जोडून विनंती. त्या बहुतेक फिकट पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पानं खाल्ली तरी झाड पुन्हा फुटतं. बहर ओसरला की शेंडे छाटा, म्हणजे झुडूप घेरदार होईल. बियांपुरत्या थोड्या शेंगा तेवढ्या राहू द्या.