इश्पेमिंगच्या भिंतीवरची माणसं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं हे उत्तर टोक. सुपीरियर सरोवरावरून येणारे वारे हिवाळाभर इथं बर्फ आणतात. जमिनीखाली लोखंड आहे, आणि त्या लोखंडासाठी एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधून माणसं इथं आली. ती खाणीत राबायची आणि सुटीच्या दिवशी पायांना लाकडी फळ्या बांधून टेकडीवरून उड्या घ्यायची. १८८७ मध्ये त्यांनी इश्पेमिंग गावात स्की क्लब काढला. २१ फेब्रुवारी १९०५ रोजी नॉर्वेहून आलेल्या कार्ल टेलेफसन यांनी याच गावात राष्ट्रीय स्की संघटना उभी केली. अमेरिकेचे ऑलिंपिक स्कीपटू आज ज्या संस्थेतून घडतात, तिचं मूळ हे.

म्हणूनच स्की आणि स्नोबोर्ड यांचं राष्ट्रीय हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळांतल्या मानकऱ्यांचं दालन, कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनसारख्या श्रीमंत गावात नाही. ते या खाणकामगारांच्या वस्तीत आहे. १९५४ मध्ये ते सुरू झालं. आत भिंतींवर मानकऱ्यांच्या पाट्या आहेत. त्यांत ऑलिंपिक विजेते आहेत, तसे अभियंते, व्यापारी, शिक्षक, जखमींना उतारावरून खाली आणणारेही आहेत. शर्यत जिंकणारा आणि शर्यत शक्य करणारा यांना एकाच भिंतीवर जागा मिळते, हे आम्हाला फार योग्य वाटतं.

सुरुवात करू या अँडर्स हॉगनपासून.

जन्म नॉर्वेतल्या टेलेमार्कचा, १८८८ चा. ऐन विशीत तो भावाबरोबर अमेरिकेत आला. कोलोरॅडोतल्या डिलनच्या टेकडीवर त्यानं १९१९ मध्ये २१३ फुटांची उडी मारली आणि पुढच्याच वर्षी २१४ फुटांची. दोन्ही त्या वेळचे जागतिक विक्रम होते. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनी इथं पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा हॉगन अमेरिकन स्की संघाचा कर्णधार होता. त्या दिवशीची सर्वांत लांब उडी त्याचीच, ५० मीटरची. पण स्की-उडीत अंतराबरोबर शैलीचेही गुण धरतात. गुणांची बेरीज झाली आणि हॉगन चौथा आला. तिसरा क्रमांक नॉर्वेच्या थोर्लीफ हॉगचा. या हॉगनं त्याच स्पर्धेत तीन सुवर्णपदकं जिंकली होती, त्यामुळे त्याच्या कांस्यपदकावर कोण शंका घेणार?

चूक बेरजेत होती. पन्नास वर्षं ती तशीच राहिली. हॉगन पुढं कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. १९६३ मध्ये इश्पेमिंगच्या या भिंतीवर त्यांचं नाव लागलं. तेव्हा ते ऑलिंपिकमधले ‘चौथे’ म्हणूनच ओळखले जात होते. मग १९७४ मध्ये नॉर्वेचेच एक जुने ऑलिंपिकपटू, थोराल्फ स्ट्रोमस्टाड, यांच्या लक्षात आलं की हॉगच्या गुणांची बेरीज चुकली आहे. नियमाप्रमाणे हॉग चौथे, हॉगन तिसरे. हॉग तेव्हा हयात नव्हते. वडिलांचं पदक त्यांच्या मुलीनं ऑस्लोमध्ये स्वतःच्या हातानं हॉगन यांना दिलं. घेणाऱ्याचं वय होतं ८५. आपल्याच देशाचं पदक आपण होऊन परत करणाऱ्या या नॉर्वेजियन माणसांचंही नाव इथं घ्यायलाच हवं.

आता चेअरलिफ्टकडे, म्हणजे स्कीपटूंना डोंगरावर नेणाऱ्या, फिरत्या तारेला टांगलेल्या खुर्च्यांकडे बघा. स्कीइंगची ही खुर्ची इतकी सवयीची झाली आहे की ती कोणाच्या डोक्यातून निघाली, हे विचारायचं सुचत नाही. १९३६ पूर्वी बहुतेक ठिकाणी टेकडीवर जायचं तर पायी चढा, नाहीतर इंजिनानं ओढल्या जाणाऱ्या दोराला धरून वर सरका. युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना आयडाहोत सन व्हॅली हे पर्यटनस्थळ उभं करायचं होतं, म्हणजे रेल्वेला प्रवासी मिळतील. जेम्स करन हे त्यांच्याच रेल्वेचे अभियंते. त्यांनी पूर्वी जहाजांवर केळीचे घड चढवणारी यंत्रं पाहिली होती: फिरत्या तारेला आकडे, आकड्यांना घड. त्यांनी आकड्याच्या जागी खुर्ची टांगली. वरिष्ठांना ही कल्पना धोक्याची वाटली. मग ओमाहा शहरात, बर्फाचा मागमूस नसताना, ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधून आणि पायांत चाकांचे स्केट घालून चाचण्या झाल्या. चालत्या खुर्चीत माणसाला अलगद बसता येईल असा वेग कोणता, एवढंच शोधायचं होतं. तो वेग सापडला, आणि त्या हिवाळ्यात सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट फिरू लागली. करन यांचं नाव या भिंतीवर आहे. त्यांच्यामुळे ज्यांना दिवसात दोनदा उतरता यायचं, त्यांना वीसदा उतरता येऊ लागलं. आधुनिक शर्यतपटूचा सराव या वीस फेऱ्यांतून घडतो.

याच सुमारास चार्ल्स मायनट डोल यांचा व्हरमाँटमध्ये स्की करताना पाय मोडला, आणि पाठोपाठ त्यांचा एक मित्र शर्यतीत प्राणाला मुकला. त्यातून १९३८ मध्ये जखमींना उचलून आणणाऱ्या स्वयंसेवकांचं नॅशनल स्की पेट्रोल जन्मलं. पुढं डोल यांच्याच आग्रहामुळे अमेरिकन सैन्यानं डोंगरात लढणारी तुकडी उभारली. ही दहावी माउंटन डिव्हिजन १९४५ मध्ये इटलीत लढली. तिच्यातला पीट साइबर्ट तिथं गंभीर जखमी झाला, पुन्हा स्की करू शकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. तो उठला, शर्यतीत उतरला, आणि १९६२ मध्ये त्यानं कोलोरॅडोत व्हेल हे स्की-स्थळ सुरू केलं.

डायना गोल्डन बारा वर्षांची असताना हाडाच्या कर्करोगात तिचा उजवा पाय गेला. १९८८ मध्ये कॅलगरी ऑलिंपिकमधल्या अपंग स्कीपटूंच्या प्रदर्शनीय शर्यतीत तिनं सुवर्ण जिंकलं. पण तिचं मोठं काम त्याआधीचं. शर्यत सुरू झाली की प्रत्येक स्पर्धकामागं बर्फात चर खोल होत जातात. एका पायावर उतरणाऱ्याला शेवटी सोडलं तर त्याला मार्गच उरत नाही. १९८५ मध्ये तिच्या पाठपुराव्यानं नियम बदलला, आणि अव्वल अपंग स्कीपटूंना पहिल्या मानांकित गटापाठोपाठ उतरायची संधी मिळाली. ती सवलत मागत नव्हती, तिला इतरांसारखा बर्फ हवा होता. २००१ मध्ये ती गेली.

आणि स्नोबोर्ड? त्याची कथा मिशिगनमध्येच सुरू होते. १९६५ च्या नाताळात मस्कीगन गावात शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्यांच्या पत्नीनं नाव सुचवलं ‘स्नर्फर’. हा खेळ अंगणातून स्पर्धेपर्यंत गेला. १९७९ मध्ये मस्कीगनच्या स्पर्धेत जेक बर्टन कार्पेंटर नावाचा तरुण स्वतः बनवलेली फळी घेऊन आला. तिच्यावर पाय घट्ट बांधायची सोय होती. नियमांत बसेना, म्हणून त्याच्यासाठी वेगळा गट करावा लागला. १९७७ पासून तो व्हरमाँटमध्ये या फळ्या बनवत होता. गिऱ्हाईक मिळत नव्हतं, डोंगरांवर प्रवेश मिळत नव्हता. त्यानं एकेका स्की-स्थळाला पटवलं. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आलं. पॉपेन आणि बर्टन दोघंही २०१९ मध्ये गेले. दोघांचीही नावं इथं आहेत.

या भिंतीवरच्या २०१९ च्या मानकऱ्यांच्या यादीत बेन फिनली आणि आर्ट क्ले आहेत. १९७३ मध्ये या दोघांनी देशभरातले कृष्णवर्णीय स्की क्लब अ‍ॅस्पेनला एकत्र आणले, १३ क्लब, साडेतीनशेच्या आसपास माणसं. आपल्यातला कोणी ऑलिंपिक संघात जावा, यासाठी त्यांनी नॅशनल ब्रदरहूड ऑफ स्कीअर्स ही संघटना बांधली. या भिंतीवर त्यांची नावं यायला ४६ वर्षं लागली. संघटनेची संमेलनं आजही भरतात, आणि तिनं जमवलेला पैसा लहान शर्यतपटूंच्या प्रशिक्षणावर खर्च होतो.