स्प्रिंग गेम पाहताना नजर कुठे ठेवावी

(मंडळाच्या मेळाव्यात कोलंबसमधल्या सभासदांसमोर केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

पाडव्याच्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा वसंत सराव ऐन भरात असतो, आणि एप्रिलमध्ये ओहायो स्टेडियमवर स्प्रिंग गेम, म्हणजे संघाचा आपापसातला सामना, होतो. आपल्यातली बरीच कुटुंबं मुलाबाळांना घेऊन तो पाहायला जातात. परत येताना गाडीत चर्चा होते ती बहुधा गुणफलकाची आणि एखाद्या लांब टचडाउनची, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपार नेण्याची. या सामन्यात सगळ्यांत कमी सांगणाऱ्या गोष्टी नेमक्या याच दोन. जे खरं सांगतं ते चेंडूपासून दूर, ओळीत वाकून उभ्या असलेल्या जाडजूड पोरांमध्ये घडत असतं.

आधी या सामन्याची चौकट समजून घेऊ. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमाप्रमाणे वसंतात संघाला 34 दिवसांच्या मुदतीत 15 सराव करता येतात. त्यांतले 12 अंगाला अंग भिडवून, त्या 12 मधले 8 प्रत्यक्ष टॅकल करून, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडून. आणि त्या 8 मधल्या फक्त 3 सरावांत निम्म्याहून अधिक वेळ अकरा विरुद्ध अकरा असा खेळ खेळता येतो. स्प्रिंग गेम हा त्या तिनांपैकी एक. म्हणजे प्रशिक्षकाच्या दृष्टीने तो सरावच आहे, फक्त प्रेक्षकांसमोर केलेला. एप्रिलमध्ये कुणाचा गुडघा गेला तर सप्टेंबरचा हंगामही गेला, म्हणून नियम मुद्दाम सैल केलेले असतात. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, हात लावायचा नाही. सरावात त्याची जर्सीच वेगळ्या रंगाची असते. बचावाचा खेळाडू जवळ पोचला की पंच शिट्टी वाजवून सॅक देतो, म्हणजे क्वार्टरबॅकला पाडलं असं धरतो. बराच खेळ ‘थड’ पद्धतीने चालतो: धडक पुरी द्यायची, पण माणूस खाली पाडायचा नाही. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) बहुधा नसतोच, आणि पंट (चेंडू लांब मारून प्रतिपक्षाला देणं) किंवा फील्ड गोल (चेंडू गोलखांबांमधून मारून गुण मिळवणं) अडवायला कुणी धावून येत नाही.

या सवलतींमुळे आकडे कसे वाकतात ते पाहा. चार सॅक झाले म्हणून लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची ओळ) कच्ची, असं म्हणता येत नाही. त्यांतल्या दोन वेळा खऱ्या सामन्यात क्वार्टरबॅक निसटला असता. उलट रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याने, साठ यार्डांची धाव घेतली, तर समोर कोण होतं ते आधी पाहायचं. शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये समोर तिसरी फळी, म्हणजे राखीवांतले राखीव, असते, तीही टॅकल न करण्याच्या सूचनेसह. दरवर्षी एखादा राखीव खेळाडू एप्रिलमध्ये लोकांच्या गळ्यातला ताईत होतो आणि नोव्हेंबरमध्ये मैदानावर दिसतही नाही. त्यात त्या मुलाचा काही दोष नसतो. आपणच चुकीच्या पुराव्यावर त्याच्याकडून अपेक्षा धरलेली असते.

किकिंगचं सगळ्यांत बोलकं उदाहरण 2016 चं आहे. त्या वर्षी स्प्रिंग गेमला 1,00,189 लोक आले होते. एवढी गर्दी कुठल्याही विद्यापीठाच्या वसंत सामन्याला तोवर जमली नव्हती. आदल्या हंगामातले बरेच खेळाडू संघ सोडून गेले होते (काही दिवसांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू-निवडीत, त्यांतले 12 निवडले गेले, 5 पहिल्या फेरीत), त्यामुळे नव्या मुलांना पाहायची उत्सुकता प्रचंड होती. संघ खरोखर चांगला निघाला. नियमित हंगामात तो एकच सामना हरला, पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध 24-21. आणि तो कसा? चौथ्या क्वार्टरमध्ये आधी पंट ब्लॉक झाला, मग फील्ड गोल ब्लॉक झाला, आणि तोच चेंडू उचलून पेन स्टेटने टचडाउन केलं. म्हणजे सामना गेला तो स्प्रिंग गेममध्ये जे मुळीच तपासलं जात नाही, नेमक्या त्याच जागी.

तरीही किकिंगमध्ये आपल्याला मोजता येईल असं बरंच आहे. फोनमधलं स्टॉपवॉच काढा. फील्ड गोलला स्नॅपपासून (चेंडू मागे फेकून खेळ सुरू होतो तिथपासून) पाय लागेपर्यंत साधारण 1.3 सेकंद लागायला हवेत, कारण त्याहून उशीर झाला की कडेने येणारा खेळाडू पोचतो. पंटमध्ये चेंडू हवेत साडेचार सेकंद राहिला तर उत्तम. चारच्या खाली आला तर परतवणाऱ्याला धावायला मोकळीक मिळते. समोर कुणी धावून येत नसतानाही स्नॅप वर-खाली जात असेल, होल्डर चेंडू टेकवताना चाचपडत असेल, तर ती काळजीची गोष्ट आहे. दडपण आल्यावर हे सुधारत नाही, बिघडतं.

आता लाइन. पहिल्या दोन-तीन ड्राइव्हमध्ये, म्हणजे चेंडू एका बाजूकडे असतानाच्या सलग चालींत, चेंडूकडे पाहूच नका. डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल (इथे टॅकल हे जागेचं नाव आहे) असे पाच नंबर कागदावर लिहून काढा. पुढच्या ड्राइव्हला तेच पाच आहेत का? एखादा गार्डचा टॅकल झाला का? डाव्या टॅकलकडे जास्त लक्ष द्या, कारण उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच बाजूला असते. बचावाचे दोघे एकमेकांना ओलांडून जागा बदलतात, त्याला स्टंट म्हणतात. तेव्हा शेजारचे दोन लाइनमन आपापली माणसं न बोलता एकमेकांकडे सोपवतात का, हे पाहण्यासारखं असतं. नव्या लाइनमध्ये दोघेही एकाच्याच मागे जातात आणि दुसरा मोकळा सुटतो. ही चूक नियम सैल असले तरी लपत नाही.

इथे एक गोष्ट आधी माहीत करून घ्यावी लागते: सामन्यासाठी खेळाडू कसे विभागले आहेत? ऑफेन्स (चढाई) विरुद्ध डिफेन्स (बचाव) असेल तर पहिली फळी पहिल्या फळीशी भिडते आणि निष्कर्षांना वजन येतं. खेळाडू दोन संघांत वाटून घेतले असतील तर पहिली लाइन फुटते. शेजारी कधी न खेळलेले पाच जण एकत्र येतात, आणि त्यांचा गोंधळ हा संघाचा गोंधळ नसतो. शिवाय दोन स्वतंत्र संघ करायचे आणि प्रत्येकी दोन फळ्या ठेवायच्या, तर 20 धडधाकट लाइनमन लागतात. शस्त्रक्रियेतून सावरणारे वगळले की तेवढे उरतच नाहीत. 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर संघातल्या खेळाडूंची कमाल संख्या 105 ठरली, तेव्हा ही ओढाताण वाढणारच.

क्वार्टरबॅकबद्दल बोलल्याशिवाय कुणी मला इथून खाली उतरू देणार नाही. पास पूर्ण झाले किती, हे मोजू नका. बचाव या दिवशी अगदी साधा ठेवलेला असतो, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीच्या खेळाडूंचा हल्ला) जवळजवळ नसतो, कारण चित्रीकरण पुढचे प्रतिस्पर्धी बघणार असतात. चेंडू हातात आल्यापासून अडीच सेकंदांत सुटतो का? पास झेलणारा रिसीव्हर वळायच्या आधी सुटतो का? पहिला पर्याय झाकला गेल्यावर पाय शांत राहतात की लगेच पळायला बघतात? थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, सात-आठ यार्ड हवे असताना हे नीट दिसतं. 2025 च्या वसंतात ज्युलियन सेयिन आणि लिंकन कीनहोल्झ यांच्यात चुरस होती, आणि सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून सेयिनचं नाव जाहीर व्हायला ऑगस्ट उजाडला. एप्रिलच्या एका दुपारी हा निकाल लावायची घाई आपणही करू नये.

हा सामना कायम राहील असं गृहीत धरू नका. 2025 मध्ये टेक्सास आणि नेब्रास्का या विद्यापीठांनी नेहमीचा स्प्रिंग गेम रद्द केला. नेब्रास्काच्या प्रशिक्षकांना आपले गुणी राखीव खेळाडू इतर संघांना दाखवून गमवायचे नव्हते. टेक्सासचा संघ दोन हंगामांत 30 सामने खेळून थकला होता. आता ट्रान्सफर पोर्टलची (खेळाडूंनी विद्यापीठ बदलायच्या व्यवस्थेची) वसंतातली खिडकी बंद होऊन ती जानेवारीत गेली आहे, त्यामुळे पहिली भीती तरी कमी व्हायला हवी. मला मनापासून वाटतं, हा सामना टिकावा. हंगामातल्या तिकिटाचे पैसे ज्यांना जड जातात, त्यांच्या मुलांना ते स्टेडियम आतून पाहायची हीच संधी असते.

जायच्या तयारीचं थोडं. खेळाडूंची यादी फोनवर उतरवून घ्या. एकच नंबर दोघांना देता येतो, एक ऑफेन्समध्ये आणि एक डिफेन्समध्ये, आणि या दिवशी ते दोघेही समोरासमोर दिसू शकतात. बसायला मधल्या यार्डांजवळची जागा सगळे पकडतात, पण लाइनमधल्या फटी तिथून दिसत नाहीत. घोड्याच्या नालेसारख्या या स्टेडियमच्या बंद टोकाला, म्हणजे उत्तरेला, जरा वरच्या रांगेत बसा. पश्चिमेकडच्या बाजूला दुपारी लवकर सावली येते आणि एप्रिलच्या वाऱ्यात तिथे लहान मुलं कुडकुडतात. तिथे बसायचं तर पांघरूण न्या. पिशवी पारदर्शक हवी, 12 बाय 6 बाय 12 इंचांपेक्षा मोठी नको. बाळाचं सामान असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे नियम आदल्या दिवशी पाहून घ्या, म्हणजे फाटकावरून गाडीपर्यंत परत फेरी पडणार नाही.